हलगीच्या मागे चालणारे यंत्र

तुराट्यांचा जाळ लवकर पेटतो आणि लवकर विझतो, म्हणून हलगी तापवायला तोच चांगला, असे हलगीवादक मामा आम्हाला सांगत होते. तुळजापूर तालुक्यातील एका गावाच्या शिवारात, डिसेंबरातल्या सकाळी सात वाजता, सत्तरीकडे झुकलेले ते हलगीवादक, माझा भाचा आणि मी असे तिघे त्या जाळाभोवती बसलो होतो. रात्रीच्या दहिवराने ढिले पडलेले शेळीचे कातडे जाळावर धरले की ओल निघून जाते आणि ते ताणत जाते. मामा मधूनच हलगी कानाजवळ नेत, बोटांनी हलकी थाप देत आणि पुन्हा जाळावर धरत. भाच्याने दोन मायक्रोफोन मांडले होते. एक हलगीपासून वीतभर अंतरावर होता आणि दुसरा दहा पावले लांब, बाभळीच्या बुंध्याशी. जाळाचा तडतडाटही त्याने मुद्रित करून घेतला.

"मामा, बसून वाजवता का? आवाज एकसारखा येईल," असे त्याने अदबीने विचारले.

"बसून नाही वाजत हे," मामा म्हणाले. "पाय हालला की हात हालतो."

ते उभे राहिले. हलगी डाव्या कवेत घेतली, डाव्या हाताच्या बोटांत बारीक लांब काडी धरली, उजव्या हातात आखूड टिपरू घेतले आणि दोन पावले पुढे, दोन मागे अशा चालीत त्यांनी सलग चाळीस मिनिटे वाजवले. मायक्रोफोन जवळ-दूर होत राहिल्याने आवाज कमी-जास्त होत होता. भाच्याने हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले होते आणि एकदाही त्यांना थांबवले नाही.

हा माझा भाचा पुण्यात राहतो आणि क्लबांमध्ये डीजे व संगीतनिर्माता म्हणून गेल्या तीन वर्षांत त्याचे नाव होऊ लागले आहे. मुंबई, गोवा, बंगळुरू येथे त्याला नियमित बोलावणी असतात आणि यंदा लिस्बनच्या एका क्लबाचेही निमंत्रण आले. त्याच्या कामाविषयी सविस्तर लिहावे, असे मला बरेच दिवस वाटत होते. मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे ध्वनी हा माझाही विषय आहे. त्याची मावशी म्हणून मला त्याचे कौतुक आहेच, पण त्या कौतुकाखातर हे लिहीत नाही. तालवाद्यांशी तो ज्या रीतीने वागतो ती रीत मला मोलाची वाटते आणि तिच्याविषयी आपल्या भागातल्या लोकांना माहिती असावी, एवढ्यासाठी हे लिहिते.

आधी एका शब्दाचा घोळ सोडवायला हवा. आपल्याकडे 'डीजे' म्हणजे माणूस नव्हे. 'डीजे लावला', 'डीजे आला', 'डीजे बंद करा' या वाक्यांतला डीजे म्हणजे गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत असते. ती वरातीत असते, गणपतीत असते, जयंतीच्या मिरवणुकीत असते आणि तिच्या दणक्याने खिडक्यांची तावदाने थरथरतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती या भिंतीपुढे कुठे टिकते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे माझ्या बहिणीने, म्हणजे त्याच्या आईने, मुलगा डीजे आहे असे नातेवाइकांना सांगितले तेव्हा, अभियांत्रिकीची पदवी घेऊन हा मिरवणुकीत गाडी घेऊन फिरतो की काय, असे कित्येकांना वाटले. क्लबातला डीजे ध्वनिमुद्रिका निवडतो, एकीच्या लयीत दुसरी मिसळतो, समोरच्या गर्दीचा अंदाज घेत तीन-चार तासांची एक सलग मांडणी करतो; आणि निर्माता असला तर त्यातले काही संगीत स्वतः घडवतो. मात्र मिरवणुकीतल्या त्या भिंतीला मी कमी लेखत नाही. भाच्याने खर्जाची पहिली ओळख तिच्यासमोर उभे राहूनच करून घेतली आणि छातीच्या फासळ्यांतून ऐकण्याची सवय त्याला तिथेच लागली, असे तो स्वतः सांगतो.

त्याच्या मांडणीत जगभरचे ताल येतात. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात २०१०च्या सुमारास तिथल्या वस्त्यांमधल्या तरुण पोरांनी घरच्या संगणकावर, साध्या सॉफ्टवेअरवर एक संगीत घडवले. त्याचे नाव ग्कॉम. झुलू भाषेत या नावात जीभ टाळूला लावून ओढल्यावर होणारा 'टक्' असा आवाज आहे आणि ढोलावर पडणाऱ्या ठोक्याच्या आवाजावरूनच ते नाव आले आहे. आपली 'डिमडी' जशी स्वतःच्या आवाजावरून नाव घेऊन बसली आहे, तसेच हे. क्लबातल्या नेहमीच्या संगीतात एका मापाचे चार ठोके जमिनीवर पाय आपटल्यासारखे सतत चालू असतात. ग्कॉममध्ये ते बहुधा नसतातच. ठोका तुटक येतो, अडखळल्यासारखा येतो, आणि मधल्या रिकाम्या जागेत नाचणाऱ्याला स्वतःचे पाऊल शोधावे लागते. हे संगीत सुरुवातीला मिनीबस टॅक्सींमधून आणि मोबाइलवर फाइली पाठवून पसरले, मोठ्या कंपन्यांच्या मार्गाने नव्हे. तिथल्या डीजे लॅगसारख्या निर्मात्याने पुढे २०१९ साली अमेरिकी गायिका बियॉन्सेच्या अल्बमसाठी काम केले. याशिवाय अंगोलाची राजधानी लुआंडा येथील कुदुरो आहे, जो स्थलांतरितांबरोबर लिस्बनच्या उपनगरांत पोहोचला आणि तिथे त्याची नवी रूपे निघाली. टांझानियातल्या दार-एस-सलाम शहराचे सिंगेली आहे, ज्याची गती मिनिटाला दोनशे ठोक्यांच्याही पुढे जाते. हे सगळे भाच्याने वर्षानुवर्षे ऐकले आहे आणि त्यातले निर्माते कोण, वस्त्या कोणत्या, संगणक कसले हे तो गावच्या सोयरिकी सांगाव्यात तसे सांगतो.

पण जगभरचे ताल एकत्र करणारे पुष्कळ आहेत. इकडचा ढोल, तिकडची थाप उचलायची, वर जाडजूड खर्ज घालायचा आणि त्याला 'जागतिक' म्हणायचे, हे आता फार सोपे झाले आहे. ढोलांचे तयार तुकडे शेकड्याने विकत मिळतात. माझ्या भाच्याचे वेगळेपण कशात आहे, ते मला एका संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कळले.

त्याने मला डाव्या हाताने टेबलावर थाप द्यायला सांगितली. "मावशी, मनात सहा मोज, आणि एकला आणि चारला थाप दे." ते जमले. मग उजव्या हाताने एक, तीन आणि पाचवर टिचकी मारायला सांगितली. दोन्ही हात एकत्र आले तेव्हा पाच मिनिटे माझा गोंधळ झाला आणि नंतर एकदम हात सुटले. एका हाताने दोन भाग होत होते, दुसऱ्याने तीन, आणि दोन्ही एकाच वेळी खरे होते. "आता ओळख, हे काय आहे," तो म्हणाला. मी ओळखले, कारण लहानपणापासून घरच्या प्रत्येक लग्नानंतर गोंधळ घातलेला ऐकला आहे. दिवटीच्या उजेडात कमरेला संबळ बांधून उभा असलेला गोंधळी, त्याच्या बाजूला तुणतुणे, आणि तो सहा मात्रांचा झुलता ठेका. ऐकणाऱ्याचे डोके दोनात डोलते आणि पाय तीनात पडतात. आफ्रिकेतल्या कितीतरी ढोलवादनांचा पायाही हेच दोन आणि तीन यांचे एकत्र नांदणे आहे. "ग्कॉम पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला परके वाटलेच नाही," तो म्हणाला. "आपल्या पाहुण्यांच्या घरी गेल्यासारखं वाटलं."

पुढे खरी अडचण आली ती हलगीच्या मुद्रणावर काम करताना. संगणकावर संगीत घडवताना पडद्यावर काळाची एक जाळी असते. उभ्या रेघा समान अंतरावर आखलेल्या असतात आणि ठोके त्या रेघांवर बसवायचे असतात. मिनिटाला १२४ ठोक्यांच्या गतीत एक ठोका सुमारे ४८४ मिलिसेकंदांचा होतो आणि त्याचे तीन भाग केले तर प्रत्येक भाग सुमारे १६१ मिलिसेकंदांचा. मामांच्या उजव्या हातातले टिपरू बहुतेक वेळा रेघेवर पडत होते, पण डाव्या हातातली बारीक काडी दर वेळी रेघेच्या किंचित आधी, पंधरा-वीस मिलिसेकंद आधी वाजत होती. एवढा काळ घड्याळाला मोजता येतो, माणसाला वेगळा ऐकू येत नाही. तो फक्त ओढीसारखा जाणवतो. सॉफ्टवेअरमध्ये एक आज्ञा अशी आहे की ती दिली की सगळे ठोके आपोआप जवळच्या रेघेवर जाऊन बसतात. भाच्याने ती आज्ञा दिली आणि ऐकवले. त्या वेळी माझी बहीण आत भाकरी थापत होती. तिने तिथूनच विचारले, "हे बँजो पार्टीतलं पॅड लावलंस का रे?"

हलगी तीच होती, कातडे तेच, हात तेच. पंधरा मिलिसेकंद काढून घेतल्याबरोबर तिचे पॅड, म्हणजे विजेवरचे तालवाद्य, झाले होते, आणि हे परातीत पीठ मळलेल्या बाईला भिंतीपलीकडून कळले.

त्याने ती आज्ञा मागे घेतली आणि उलटे काम सुरू केले. हलगीला जाळीवर बसवण्याऐवजी जाळीच हलगीप्रमाणे वाकवली. मामांचा प्रत्येक ठोका हाताने शोधून, त्या त्या जागी रेघ ओढून, यंत्राचा खर्ज त्यांच्या मागे चालवला. मामा रंगात आले की त्यांची गती १२६ पर्यंत चढे, दम खाताना १२१ पर्यंत उतरे. यंत्रानेही तसेच चढायचे आणि उतरायचे. चार मिनिटांच्या तुकड्याला त्याला अकरा दिवस लागले. यात क्लबाच्या व्यवहाराची मोठी अडचण असते, कारण गती बदलणारी रचना दुसऱ्या रचनेशी जुळवणे कठीण जाते. यंत्रावरचे जुळवणीचे बटण इथे फसते आणि चकतीवर बोट ठेवून सतत ऐकत राहावे लागते. म्हणून त्याने सुरुवातीची बत्तीस आणि शेवटची बत्तीस आवर्तने स्थिर गतीत ठेवली, म्हणजे दुसऱ्या डीजेंना आत शिरायला आणि बाहेर पडायला वाट मिळते, आणि मधला भाग मात्र मामांच्या पायांवर सोडून दिला. ही तडजोड मला अतिशय शहाणपणाची वाटते.

हलगीचा आवाज उंच पट्टीचा आणि धारदार असतो, खर्ज तिच्याजवळ फारसा नसतो. तिच्याखाली काय ठेवायचे, हा दुसरा प्रश्न होता. त्याने तिथे पन्नास-पंचावन्न हर्ट्झचा एकच लांब ठोका ठेवला, तोही दर वेळी नाही. बाभळीजवळच्या मायक्रोफोनने टिपलेला, लांबून येणारा आवाज त्याने खोलीचा आभास म्हणून वापरला. संगणकावर कृत्रिम घुमारा देण्याच्या शेकडो सोयी असताना त्याने शिवाराची मोकळी हवाच ठेवली आहे. नीट कान दिला तर त्यात एक टिटवी ऐकू येते.

यंत्र आणि आपले संगीत यांची गाठ पडण्याचा इतिहास आपल्याकडे नवा नाही. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंह या वादकाने रोलँडच्या टीआर-८०८ या तालयंत्रावर आणि टीबी-३०३ या खर्जयंत्रावर दहा राग बसवून एक ध्वनिमुद्रिका काढली होती. तेव्हा तिच्याकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि अमेरिकेतल्या शिकागोच्या ज्या संगीताशी ती जुळते ते तिच्यानंतर काही वर्षांनी जन्मले, हे पाहून जगभरचे जाणकार थक्क झाले. पुढे लंडनमध्ये तलविन सिंग यांनी तबला आणि क्लबसंगीत एकत्र आणले आणि १९९९ साली त्यांना तिथला मर्क्युरी पुरस्कार मिळाला. हे सगळे मोठेच काम आहे, पण त्यात रागसंगीत आहे, तबला आहे. हलगी, संबळ, डिमडी यांना त्या मांडवात फारशी जागा नव्हती, आणि मराठवाड्याकडे पाहावे असे तर कोणाला वाटलेही नसेल.

वास्तविक पाहायला हवे होते. ज्याला आज 'जागतिक ताल' म्हणतात, तो आपल्या भागात चारशे वर्षांपूर्वीच येऊन स्थिरावला आहे. आजचे छत्रपती संभाजीनगर ज्या खडकी गावातून वाढले, ते १६१० साली वसवणारा मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला होता. गुलाम म्हणून विकला जात जात तो दख्खनेत आला, अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, आणि १६२६ साली वारल्यावर खुलताबादेत त्याची कबर झाली. त्याच्याबरोबर आणि त्याच्या आधी-नंतर आलेल्या हबशी सैनिकांनी फक्त तलवारी आणल्या असतील असे मानणे मला अवघड जाते. पुढे हैदराबादच्या निजामाच्या फौजेत आफ्रिकी वंशाचे सिद्दी आणि येमेनच्या हद्रमौत भागातले अरब होते. त्यांच्या ढोलवादनातून हैदराबादेत मरफा नावाचा वाद्यमेळ घडला. त्यात नगाऱ्यासारखे ढोल असतात, डफ असतो, स्टीलच्या भांड्यांवर लाकडी पट्ट्यांनी ठोके दिले जातात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होता. नांदेड-परभणीकडे चाऊश आडनावाची कितीतरी घरे आजही आहेत, ती त्याच हद्रमी अरबांच्या वंशजांची. गुजरातेतले सिद्दी आपल्या नृत्यवादनाला 'गोमा' म्हणतात आणि तो शब्द पूर्व आफ्रिकेतल्या 'न्गोमा' या शब्दापासून आला आहे, ज्याचा अर्थ ढोल असाच आहे. दुसऱ्या बाजूला, १८६० पासून भारतातले मजूर करारावर डर्बनच्या उसाच्या मळ्यांत नेले गेले आणि त्यांची वस्ती त्या शहरात अजून आहे. समुद्रावरून माणसे दोन्ही दिशांना गेली. माझ्या भाच्याने डर्बनचा ताल आणि तुळजापूरची हलगी शेजारी ठेवली, तेव्हा त्याने दोन टोकांची परकी माणसे आणून बसवलेली नाहीत, असे मी म्हणते ते या आधारावर.

आता एक कडवट गोष्ट, जी त्याच्या वाटचालीत सर्वांत महत्त्वाची आहे असे मला वाटते. त्याच्या अगदी सुरुवातीच्या एका रचनेत संबळ होता. तो त्याने विकत घेतलेल्या तयार तुकड्यांच्या संचातला होता. त्या तुकड्याला 'आदिवासी ढोल' असे काहीतरी नाव होते. आमच्या नात्यातल्या एका लग्नानंतर गोंधळ होता, आणि गोंधळी मंडळी जेवायला बसली असताना भाच्याने उत्साहाने त्यांना ती रचना मोबाइलवर ऐकवली. त्यातले एक वादक घास हातात धरून थांबले. "पुन्हा लाव," म्हणाले. पुन्हा लावल्यावर म्हणाले, "हा माझा हात आहे." आवर्तन संपताना वाकड्या काठीने कातडे किंचित घासून सोडायची त्यांची एक सवय होती, त्यांनी तिथल्या तिथे संबळ घेऊन ती वाजवून दाखवली आणि शंकेला जागा राहिली नाही. काही वर्षांपूर्वी एका शहरातल्या एका स्टुडिओने त्यांना बोलावले होते, चार तास वाजवून घेतले होते, पाचशे रुपये आणि चहा दिला होता. आपले वादन जगभर विकले जाते, हे त्यांना त्या पंगतीत प्रथम कळले.

त्या रात्री भाचा घरी येऊन माझ्याशी दोन वाजेपर्यंत बोलत बसला होता. त्याने रचना सगळीकडून काढून घेतली, त्या वादकांना भेटून तोवर मिळालेले पैसे दिले, आणि तेव्हापासून विकतचे ढोल वापरणे बंद केले. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्या कलावंताचा स्वतंत्र हक्क मानलेला आहे आणि तो पन्नास वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरासाठी मानधनाचा वाटा आणि कलावंत म्हणून आपले नाव दिले जाण्याचा हक्कही त्यात आला. ही कलमे त्याने वाचून काढली आणि एका पानाचा मराठी करारनामा तयार केला. वाजवण्याचे पैसे त्याच दिवशी द्यायचे, पुढच्या उत्पन्नात ठरलेला वाटा, आणि रचनेवर वादकाचे नाव. करारनामा वाचून दाखवल्याशिवाय तो मायक्रोफोनची पेटी उघडत नाही.

हलगीच्या वेळी मात्र करारनाम्याने काम भागले नाही. मामांचा मुलगा पुण्याजवळ एका कारखान्यात नोकरीला आहे. त्याने फोनवर स्पष्ट विरोध केला. हलगी ही त्याच्या घराण्याने हौसेने उचललेली नाही. गावकीच्या रिवाजाने ती त्यांच्या गळ्यात घातली. दवंडी असो, पोळा असो, मयत असो, यांनी हलगी घेऊन पुढे चालायचे आणि पसाभर धान्यावर समाधान मानायचे, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. बाबासाहेबांच्या विचाराने जागे झालेल्या कित्येक घरांनी ती हलगी जाणीवपूर्वक खाली ठेवली, आणि तो निर्णय मानाचा होता. मुलाचे म्हणणे असे होते की, गावाने जे लादले ते आता शहरातल्या क्लबात गोड करून दाखवू नका. मला त्याचे म्हणणे पूर्ण पटले. भाच्यालाही पटले आणि म्हणून तो त्या मुलाला वाद घालायला नव्हे तर ऐकायला भेटला. तीन भेटी झाल्या. शेवटी मुलाने होकार दिला तो दोन अटींवर. 'लोककला' आणि 'लोककलावंत' हे शब्द कुठेही वापरायचे नाहीत, आणि वडिलांचे नाव साथीदार म्हणून नव्हे तर सहसंगीतकार म्हणून, भाच्याच्या नावाआधी यायला हवे. दोन्ही अटी जशाच्या तशा पाळल्या गेल्या आहेत.

त्याचे सगळेच काम मला आवडते असे नाही. संबळावरच्या एका रचनेत त्याने गर्दी पेटवण्यासाठी देवीच्या 'उदो उदो'चा गजर नेमक्या चढत्या जागी घातला होता. ताल उत्तम होता, पण ज्या हाकेला माझ्या आईचे हात आपोआप जोडले जात ती हाक दारूच्या पेल्यांवरून यावी, हे मला सहन झाले नाही, आणि संगीताच्या दृष्टीनेही ती आयती टाळी होती. मी तसे त्याला सांगितले. त्याने आठवडाभर काही उत्तर दिले नाही. नंतर ती हाक काढून टाकली आणि तिच्या जागी चार मात्रांची शांतता ठेवली. रचना त्यामुळे कितीतरी भारदस्त झाली आहे. सिंगेलीच्या प्रचंड गतीत डिमडी बसवण्याचा त्याचा प्रयत्नही मला अजून जमलेला वाटत नाही. वाघ्याच्या हातातली डिमडी जागरणाच्या रात्री हळूहळू चढते; तिला पहिल्या क्षणापासून पळवले की तिचा श्वास तुटतो.

फेब्रुवारीत मी पुण्याला त्याचे वादन ऐकायला गेले. कानांत बोळे घालूनच गेले, आणि त्यानेही नेहमी घालावेत असे माझे त्याला सांगणे असते. अंधार, धूर, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची मुले-मुली. सुरुवातीचा तासभर लुआंडा आणि लिस्बनचे ताल होते. रात्री बाराच्या सुमारास त्याने ग्कॉमचा एक तुटक ठेका सुरू केला, त्याखाली पहिली बत्तीस आवर्तने स्थिर चालली, आणि मग खर्ज पूर्ण काढून घेऊन एकटी हलगी सोडली. शंभर-दीडशे माणसे क्षणभर गोंधळली. पायांना धरायला नेहमीचा ठोका नव्हता. मग माझ्या पुढच्या एका मुलाने दोन पावले पुढे, दोन मागे टाकायला सुरुवात केली, खांदे लेझीम खेळताना हलतात तसे हलवीत, आणि शेजारच्याला ओरडून सांगितले, "अरे, हलगी आहे ही!" त्याच्याभोवतीची मुले त्याचे पाहून पावले टाकू लागली. खर्ज परत आला तेव्हा सगळी गर्दी मामांच्या चालीत पुढे-मागे होत होती. मी भौतिकशास्त्राची शिक्षिका आहे, मला स्पंदने आणि तरंगलांबी समजते, पण त्या क्षणी माझे डोळे भरून आले आणि ते मी पुसले नाहीत.

मार्चमध्ये आम्ही रचना घेऊन पुन्हा त्या गावी गेलो. मामांनी हेडफोन आधी उलटे घातले, मग नीट केले. बाभळीखालच्या बाजेवर बसून त्यांनी पूर्ण चार मिनिटे मान न हलवता ऐकले. ऐकताना त्यांचा डावा अंगठा तेवढा हलत होता. संपल्यावर ते म्हणाले, "तिसऱ्या फेऱ्याला मी दमलो होतो. ते तसंच ठेवलंस होय?" भाच्याने होकार दिला. "मग त्याच्याखालचा तुझा धुमधुम आवाज पण दमला तिथं," ते म्हणाले, आणि हेडफोन काढून त्यांनी पैशांचा हिशेब विचारला. भाच्याने वहीतला हिशेब वाचून दाखवला. पहिल्या तिमाहीचा वाटा मोठा नव्हता. मामांनी तो मोजून घेतला, वहीवर सही केली आणि नातवाला तुराट्या आणायला पाठवले, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हलगीची दुसरी चाल अजून द्यायची राहिली होती आणि दुपारी कातडे उन्हाने बरे ताणलेले असते, जाळ थोडाच लागतो.

ती दुसरी चाल आता पडद्यावर आहे आणि भाचा रोज रात्री तिच्या रेघा ओढतो आहे. नांदेडला मरफा वाजवणाऱ्या एका कुटुंबाशीही बोलणे झाले आहे. करारनामा उर्दूत हवा, असे त्यांनी सांगितले. आमच्या महाविद्यालयातल्या उर्दूच्या सरांनी तो या आठवड्यात लिहून देण्याचे कबूल केले आहे.